दुसऱ्या ओढ्यापुढची दरड

पार्सल ऑफिसचा मोठा वजनकाटा रविवारी सकाळी रिकामा असतो, म्हणून वजनसभा रविवारी सकाळी. नऊ वर्षांची पद्धत आहे. डोंगरात जायच्या आधीच्या रविवारी प्रत्येकाने आपली सॅक पूर्ण भरून आणायची, काट्यावर ठेवायची, आणि आकडा अकरा किलोच्या पुढे सरकला की बाकीच्यांनी ती सॅक जमिनीवर पालथी करून मालकाची त्याच्या देखत अब्रू काढायची. एका वर्षी बेकरीवाल्याच्या सॅकमधून दोन उशा निघाल्या. एक डोक्याला आणि एक, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, मनाला. डॉक्टरीणबाई दातांची डॉक्टर. तिच्या सॅकमधून बारा टूथब्रश निघाले. डोंगरात कुणाचा ब्रश कधी हरवेल सांगता येत नाही, असं तिने तोंडाची रेषही न हलवता सांगितलं होतं.

काटा ज्याच्या ताब्यात, तो मोजपट्टी. पार्सल ऑफिसात वजनं-मापं घेणं हे त्याचं काम. पण नाव कामावरून पडलं नव्हतं, स्वभावावरून पडलं होतं. मित्राचं बाळ पहिल्यांदा हातात घेतल्यावर लोक "कुणासारखं दिसतं गं" वगैरे म्हणतात. हा म्हणाला, "तीन किलो दोनशे." दवाखान्याच्या कागदावर तेवढंच होतं.

यंदा तिन्ही सॅक अकराच्या आत बसल्या. तिघांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. मग तिघांची नजर एकदमच कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. मोठं पातेलं, स्टोव्ह, ताडपत्री, दोर, औषधांचा डबा. सगळ्यांचं सामायिक सामान. मोजपट्टीने ते काट्यावर ठेवलं. नऊ किलो. आठ वर्षं हे नऊ किलो कुणाच्या सॅकमध्ये जायचे याची चर्चाच झाली नव्हती, कारण ते दाजी उचलायचे.

दाजी म्हणजे मोजपट्टीच्या ताईचे यजमान. बेकरीवाल्याला बहीणच नाही आणि डॉक्टरीणबाईच्या दोन्ही बहिणी बिनलग्नाच्या, तरी दोघंही त्यांना दाजीच म्हणायची. तिघांना पहिल्यांदा डोंगरात नेलं ते दाजींनी. बुटाची नाडी चढताना कशी बांधायची आणि उतरताना कशी, ढग कुठला खरा आणि कुठला नुसता बढाईखोर, झुडपामागे मानाने कसं जायचं आणि तितक्याच मानाने परत कसं यायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलेलं.

यंदा दाजींना न्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. ते नुसतं ठरलं होतं. गेल्या वर्षी दाजींचा उजवा गुडघा संपावर गेला. दाजी तसं म्हणाले नाहीत. ते दर दहा-बारा मिनिटांनी थांबायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि "वा, काय देखावा आहे" म्हणायचे. शेवटी शेवटी तर समोर नुसती दगडाची भिंत होती तेव्हाही म्हणाले. परतायला एवढा उशीर झाला, की सोमवारी सकाळी बेकरीची भट्टी पेटली नाही आणि अख्ख्या गल्लीने कोरडा चहा प्यायला. डॉक्टरीणबाईचा एक पेशंट अर्धा दात घेऊन दारात बसून होता.

"दाजींना सांगितलंस ना?" दोर उचलून परत खाली ठेवत डॉक्टरीणबाईने विचारलं.

सांगितलं, असं मोजपट्टी म्हणाला. काय सांगितलं ते कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून भर घातली नाही.

"वाईट वाटलं का रे त्यांना?"

"मला वाटलं," मोजपट्टी म्हणाला.

मग त्यांनी नऊ किलो वाटून घेतले. तीन-तीन. दाजी हे सगळं पाठीवर घेऊन वर गाणी कशी म्हणायचे, असं बेकरीवाल्याच्या तोंडून निघून गेलं आणि तिघंही आपापल्या सॅकचे पट्टे उगाच आवळायला लागले. त्या दोन उशांपैकी उरलेली उशी त्याने कुणी न सांगता काढून टाकली.

आता मोजपट्टीने काय सांगितलं होतं ते.

तीन आठवड्यांपूर्वी तो ताईकडे गेला होता, खरं तेच सांगायच्या इराद्याने. रस्त्यात वाक्यसुद्धा घोकलं होतं: दाजी, यंदा तुम्ही विश्रांती घ्या. ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्यातच दाजी भेटले. पाठीवर बटाट्यांचं पोतं, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराचा आनंद. दीड महिना झाला होता म्हणे. ऑफिसातून आले की बटाटे पाठीला लावून चार मजले वर, चार मजले खाली. बटाटे कशाला, तर गोळे पाठीला टोचतात, म्हणजे डोंगरातल्या सामानाची सवय होते. ताईने त्या पोत्यातला एकही बटाटा शिजवायचा नाही अशी ताकीद होती.

"तारीख ठरली का रे?" दाजींनी विचारलं.

मोजपट्टीने घोकलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि तोंडाने परस्पर वेगळाच कारभार केला.

"यंदा वाट बंद आहे, दाजी."

"कशाने?"

"दरड."

"कुठे?"

आता साधा खोटं बोलणारा माणूस इथे "कुठेतरी वरच्या बाजूला" म्हणाला असता आणि सुटला असता. पण मोजपट्टीने जन्मात कधी "कुठेतरी" हा शब्द वापरला नव्हता. "दुसऱ्या ओढ्याच्या पुढे," तो म्हणाला. "साधारण एकशेवीस पावलांवर. रुंदी चाळीस फूट. मोठे दगड सतरा. बारीक वेगळे."

दाजींनी पोतं हळूच पायरीवर टेकवलं. जवळचं कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मोजपट्टीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला किती वाईट वाटत असेल. वर्षभर वाट बघत असतोस तू." खांद्यावर बटाट्याची माती लागली. घरी येऊन मोजपट्टीने तो शर्ट दोनदा धुतला. माती पहिल्याच धुण्यात गेली होती.

इथे एक गोष्ट त्याच्या ध्यानातून साफ निसटली होती. दाजी पाणीखात्याच्या तक्रार विभागात होते. अठ्ठावीस वर्षं रोज दुसऱ्यांच्या तक्रारी वाचत आले होते, आणि कुठली तक्रार टोपलीत जाते आणि कुठली साहेबाला खुर्चीतून उठवते, हे त्यांच्याइतकं शहरात कुणाला कळत नव्हतं. "परिस्थिती अत्यंत शोचनीय आहे" असं लिहिलेला कागद टोपलीत. पण कागदावर आकडा असला, जागा असली, सोबत हाताने काढलेली आकृती असली, की साहेबाला घाम फुटतो. आकडा देणाऱ्या माणसाने पाहिलेलं असतं, असं साहेब धरून चालतो. आणि मोजपट्टीने दाजींच्या हातात तीन आकडे आयते ठेवले होते.

वजनसभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईचा फोन आला. लगेच ये. मोजपट्टी दवाखान्यात पोचला तेव्हा बेकरीवाला आधीच पेशंटच्या खुर्चीत आडवा होता, कारण दवाखान्यात ऐसपैस बसण्यासारखी तेवढी एकच जागा. डॉक्टरीणबाईने वनखात्याचं पत्र वाचून दाखवलं. त्या रानात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि परवाना तिच्या नावावर होता. "दुसऱ्या ओढ्यापुढे दरड कोसळल्याची सविस्तर व सचित्र तक्रार प्राप्त झाल्याने, पाहणी होईपर्यंत सदर वाट बंद करण्यात येत असून आपला परवाना रद्द समजावा."

"दरड कोसळली आणि आपल्याला पत्ता नाही," बेकरीवाला छताकडे बघत म्हणाला. "बरं झालं ना कुणीतरी कळवलं. आपण मेलोच असतो."

मोजपट्टीने पत्र तिच्या हातातून घेतलं. पत्राला आकृतीची प्रत जोडली होती. आकृतीत ओढा होता, वाट होती, आणि वाटेवर गोल गोल दगड काढले होते. त्याला मोजायची गरज नव्हती, तरी त्याने मोजले. सतरा.

मग त्याने सांगून टाकलं. जिना, पोतं, तोंडाचा परस्पर कारभार, सगळं. ऐकताना बेकरीवाला खुर्चीत हळूहळू उठून बसला.

"सतरा कशाला?" डॉक्टरीणबाईने विचारलं. बराच वेळ तिला तेवढंच सुचलं. "दरडीतले दगड कोण मोजतं?"

"मी मोजले असते."

"दगड जरा कमी सांगितले असतेस," बेकरीवाला म्हणाला, "तर वाट निदान अर्धी चालू राहिली असती."

डॉक्टरीणबाईने पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग ती म्हणाली की आपण तीन मोठी माणसं एका माणसाला 'येऊ नका' म्हणायला घाबरलो, आणि त्यापायी सरकारला डोंगर बंद करावा लागला. यावर बेकरीवाल्याने, आपण तिघं नाही, हा एकटा, अशी दुरुस्ती सुचवली. पण ती त्याने एवढ्या हळू सुचवली की त्याला स्वतःलाही ती पटली नसावी.

तेवढ्यात मोजपट्टीचा फोन वाजला. ताई. तिचा आवाज असा की जणू घरात पेढे वाटण्यासारखं काही घडलंय. वनखात्याचं दाजींनाही पत्र आलं होतं. शनिवारी सकाळी संयुक्त पाहणी. साहेब स्वतः येणार. तक्रारदाराने हजर राहून जागा दाखवावी, आणि सोबत 'माहिती देणारे मेहुणे' यांनाही आणावं. "म्हणजे तू रे," ताई म्हणाली. "पत्रात आलायस. यांना किती दिवसांनी एवढं खुशीत बघतेय मी. म्हणतात, साहेबाला सतराच्या सतरा दगड दाखवतो, महिनाभरात वाट मोकळी होते की नाही बघ, तुम्हा पोरांचं वर्ष वाया जायला नको. आता दोन पोती चढवतायत."

फोन ठेवल्यावर मोजपट्टी दवाखान्यातल्या छोट्या स्टुलावर बसला. दाजी शनिवारी साहेबाला घेऊन तो गुडघा ओढत दुसऱ्या ओढ्यापर्यंत चढणार, पुढे एकशेवीस पावलं मोजणार, आणि बोट दाखवतील तिथे नुसती स्वच्छ, मोकळी वाट असणार. दाजींच्या विभागात एक वेगळी वही होती, खोट्या तक्रारी करणाऱ्यांची. जेवताना दाजी कधी कुणाबद्दल वाईट बोलत नसत, फक्त त्या वहीतल्या माणसांबद्दल बोलत. पाण्याची चोरी करणारा परवडला, म्हणत, त्याला निदान तहान असते. वनखात्यातही अशी वही असणारच. शनिवारी तिच्यात दाजींचं नाव चढणार होतं, आणि ते चढवणारा हात मोजपट्टीचा होता.

"एक उपाय आहे," बेकरीवाला म्हणाला. "शुक्रवारी वर जाऊ आणि पाडू."

"काय?"

"दरड."

यावर गंभीरपणे विचार झाला. बेकरीवाल्याकडे पहार होती. सतरा दगड, तीन माणसं, म्हणजे माणशी पाच आणि दोन उरतात. ते दोन मोजपट्टीने घ्यावेत, कारण आकडा त्याचा. डॉक्टरीणबाईने आपले हात नाजूक कामाचे आहेत, आपण बारीक दगडांचं बघू असं सांगितलं. चाळीस फूट रुंदीचा प्रश्न अवघड होता. दोर आणि ताडपत्री कामाला येईल का, यावरही बोलणं झालं. शेवटी शुक्रवारी भट्टीला सुट्टी देता येत नाही म्हणून बेत बारगळला. तो चूक आहे म्हणून बारगळला असं कुणाला वाटायला नको.

मंगळवार गेला, बुधवार गेला. या दोन दिवसांत मोजपट्टीने ऑफिसात सात पार्सलांची वजनं चुकवली. नोकरीतल्या पहिल्या सात चुका. गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून तो ताईच्या घराकडे निघाला. या वेळी कुठलंही वाक्य घोकलं नव्हतं. मागच्या घोकलेल्या वाक्याचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं.

दाजी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे भेटले. त्यांनी त्या दिवशी रजाच घेतली होती, तयारीसाठी. दोन पोती पाठीला बांधलेली, एका हाताने कठडा धरलेला, दुसरा गुडघ्यावर, डोळे मिटलेले. समोर जिन्याची भिंत होती. मोजपट्टीला बघताच ते सरळ उभे राहिले आणि गुडघ्यावरचा हात कमरेवर आला.

"दाजी," मोजपट्टी म्हणाला, "दरड नाहीये."

"काढली? इतक्यात? बघ, आकड्यांनिशी लिहिलं की—"

"नव्हतीच."

दाजींनी कठडा सोडला. पोती उतरवायला लागले. मोजपट्टी मदतीला पुढे झाला तसं त्यांनी नुसता तळहात दाखवला, थांब म्हणून. एका पोत्याची गाठ सैल झाली आणि एक बटाटा निसटून पायऱ्या उतरत गेला. तो तळमजल्यावर पोचेपर्यंत दोघंही ऐकत उभे राहिले.

"आणि ते सतरा दगड?"

"माझेच."

"एकशेवीस पावलं?"

"तीही."

"का रे?"

मोजपट्टीने जिन्याकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं. "तुमचा गुडघा," तो शेवटी म्हणाला.

दाजी पायरीवर बसले. त्यांनी गुडघ्याकडे असं पाहिलं, की जणू तो त्यांना न सांगता कुठल्या बैठकीला जाऊन आला होता. मग विचारलं, "किती मागे पडतो मी?"

खरं म्हणजे इथे "फारसे नाही, दाजी" म्हणायचं असतं. कुणीही म्हणालं असतं.

"तासाला अठरा मिनिटं."

"मोजलंस?"

"माझ्याकडून मोजलं जातं."

दाजींनी मान हलवली. ते रागावले असते तर मोजपट्टीला बरं वाटलं असतं. तो जिना चढताना त्यासाठी तयारीही करून आला होता. पण दाजी विचारात पडले होते, एखादा कागद कुठल्या गठ्ठ्यात लावावा अशा विचारात.

"अठरा," ते म्हणाले. "एवढा चांगला आकडा होता की तुझ्याकडे. सरळ आणून दिला असतास तर मी वाचला असता. आकडा हातात असताना माणसाने दरड कशाला पाडायची?"



मग दाजींनी खिशातून कागद काढला. त्यांच्या खिशात कोरा कागद आणि पेन हे रुमालाआधी असायचं. बटाट्यांच्या पोत्यावर कागद पसरून ते लिहायला लागले. प्रत्येक अक्षराखाली एक बटाटा येत होता आणि अक्षर वाकत होतं. तक्रार मागे घेण्याबाबत. खाली कारण. "तक्रारदार तासाला अठरा मिनिटे मागे पडतो. ही माहिती त्यास वेळेवर न मिळाल्याने, दरड कोसळली असा त्याचा समज झाला."

मोजपट्टीने ते दोनदा वाचलं. "यात मी कुठे आहे?"

"नाहीस."

"पण मीच तर—"

"खोट्या तक्रारीच्या वहीत एका घरातलं एक नाव पुरे," दाजी म्हणाले. "तुझी अजून नोकरी भरपूर उरलीय. सही माझी, तक्रार माझी."

मोजपट्टीने हात पुढे केला आणि पेन घेतलं. मागितलं नाही, घेतलं. आणि दाजींच्या सहीखाली त्याने लिहिलं की दरड मी रचली, जागा, रुंदी व दगडांची संख्या मी पुरवली, तक्रारदारास मी फसवलं. लिहिताना 'फसवलं' या शब्दाशी येऊन पेन थांबलं आणि तिथे शाईचा ठिपका पडला. त्याने पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद परत दिला.

दाजींनी कागद लांब धरून वाचला.

"तारीख घाल," ते म्हणाले. "बिनतारखेचे कबुलीजबाब मी स्वतः टोपलीत टाकलेत."

त्याने तारीख घातली. दाजींनी घडी करून कागद खिशात ठेवला, आणि आता अर्ज पोचवायला आपण स्वतः जाणार, पाहणी टळेल, पण बंद झालेली वाट उघडायला पंधरा दिवस तरी लागतील, ते काही आपल्या हातात नाही, असं कामाच्या आवाजात सांगितलं. तुम्हा पोरांचा शनिवार-रविवार गेलाच, असंही म्हणाले, आणि त्यात कुठेही खोच नव्हती. मोजपट्टीने ती शोधली.

"दाजी, पुढच्या वर्षी आपण सावकाश—"

"पुढच्या वर्षी काय कोसळणार होतं?"

मोजपट्टीचं तोंड या वेळी परस्पर बोललं नाही. त्याने आधी खाली पाहिलं, मग बोलला. "पूल."

"वरचा? लाकडी?"

"हो."

"लांबी?"

"दाजी, नका ना."

"नाही, विचारतोय."

"बावीस फूट," मोजपट्टी म्हणाला.

दाजी हसले की काय ते कळलं नाही. आवाज आला, चेहरा भिंतीकडे होता. मग त्यांनी एक पोतं मोजपट्टीसमोर ठेवलं, ते ताईला दे म्हणाले, उद्यापासून भाजीला चालतील. दुसरं पोतं मात्र त्यांनी परत पाठीला लावलं.

"ताईला काय सांगू?" मोजपट्टीने विचारलं.

"तू काहीच सांगू नकोस. मी सांगतो, गुडघा दुखतोय म्हणून." हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे मधे एकदा अडखळले.

आणि ते वर निघाले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले नाहीत. मोजपट्टी बटाटे कवटाळून मागे उभा राहिला. त्यांना ओलांडून पुढे जाणं शक्य नव्हतं आणि लगेच मागोमाग जायचा धीर होत नव्हता. वर कठड्याची करकर येत होती, मग एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं पाऊल. घड्याळाकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं.

मग बघितलं.